चारित्र्य-पडताळणी, बालक व परावलंबी प्रौढ सेवेतील

लहान मुले, तसेच वार्धक्य, आजार, अपंगत्व किंवा मानसिक दौर्बल्य यांमुळे परावलंबी झालेले प्रौढ, यांच्याशी कामानिमित्त ज्यांचा निकटचा संबंध येतो, अशा व्यक्तींचे पूर्ववृत्त नेमणुकीपूर्वी अधिकृत नोंदींवरून तपासून पाहण्याच्या पद्धतीस चारित्र्य-पडताळणी म्हणतात. शिक्षक, पाळणाघरातील सेविका, वसतिगृहाचे अधीक्षक, क्रीडा-मार्गदर्शक, परिचारिका, वृद्धाश्रमातील सेवक, शाळेच्या वाहनाचे चालक इ. वेतनधारी कर्मचाऱ्यांप्रमाणेच विनावेतन काम करणाऱ्या स्वयंसेवकांचाही अशा पडताळणीत समावेश होतो. या सर्वांच्या कामात एक गोष्ट समान असते. ज्यांची सेवा करावयाची, त्यांना सेवा करणाऱ्याची निवड स्वतः करता येत नाही आणि त्याच्याकडून त्रास झाल्यास तक्रार करण्याचे बळही त्यांच्या ठायी बहुधा नसते. म्हणून निवडीची जबाबदारी संस्थेवर व अंतिमतः शासनावर येते.

ही जबाबदारी पार पाडताना दोन परस्परविरोधी धोके संभवतात. पडताळणी अपुरी राहिल्यास घातक व्यक्ती विश्वासाच्या जागी पोहोचते. ती अतिव्याप्त झाल्यास निरपराध व्यक्ती, किंवा बालपणी किरकोळ चूक केलेली व पुढे सुधारलेली व्यक्ती, आयुष्यभर कामास मुकते आणि स्वयंसेवकही दुरावतात. या दोहोंचा तोल कसा साधावा, याचा सर्वांत विस्तृत प्रयोग इंग्लंड व वेल्समध्ये झाला. तेथे २००२ ते २०१० या काळात पडताळणीचे क्षेत्र सतत वाढत गेले आणि २०१० ते २०१३ मध्ये ते हेतुपुरस्सर आटोपशीर करण्यात आले. प्रस्तुत नोंदीत प्रामुख्याने त्याच सुलभीकरणाचा विचार केला आहे.

माहितीचे प्रकार : पडताळणीत उपयोगात येणारी माहिती चार प्रकारची असते. (१) न्यायालयाने दोषी ठरविल्याची नोंद, म्हणजे अपराधसिद्धी. (२) खटला न भरता, आरोपीने गुन्हा कबूल केल्यावर पोलिसांनी दिलेली ताकीद. (३) शाबीत न झालेले आरोप, तक्रारी व संशय यांविषयी स्थानिक पोलिसांकडे असलेली माहिती. (४) विशिष्ट कामांस अपात्र ठरविलेल्या व्यक्तींच्या सूचीतील नाव, म्हणजे प्रतिबंध. पहिल्या दोन प्रकारांत घडलेली गोष्ट निश्चित असते. प्रश्न फक्त ती आता कितपत महत्त्वाची आहे एवढाच असतो. तिसऱ्या प्रकारात गोष्ट घडली की नाही, हेच अनिश्चित असते. परंतु बालकांवरील अत्याचारांच्या बाबतीत साक्षीपुराव्याच्या अभावी खटला उभा न राहणे ही नेहमीची गोष्ट असल्याने या माहितीकडे सर्वस्वी दुर्लक्षही करता येत नाही. चौथा प्रकार हा माहितीपेक्षा निर्णयाच्या स्वरूपाचा असून त्याचे उल्लंघन हा स्वतंत्र गुन्हा ठरतो. सुलभीकरणाच्या वादात जे मतभेद झाले, त्यांपैकी बहुतेकांचे मूळ या चार प्रकारांची गल्लत करण्यात होते.

इतिहास : ब्रिटनच्या शिक्षणखात्याकडे शाळांत नेमण्यास अयोग्य ठरलेल्या व्यक्तींची एक गोपनीय यादी दीर्घकाळ ठेवली जात असे. ती ‘लिस्ट ९९’ या नावाने ओळखली जाई. १९७४ च्या अपराधी पुनर्वसन अधिनियमाने असे ठरविले, की शिक्षा भोगून झाल्यावर ठरावीक काळ निर्दोष वागणूक ठेवणाऱ्याची अपराधसिद्धी ‘कालबाह्य’ समजावी व नोकरीच्या अर्जात ती सांगण्याचे त्याच्यावर बंधन नसावे. मात्र १९७५ च्या अपवादविषयक आदेशाने मुलांशी संबंधित व अन्य काही विश्वासाच्या व्यवसायांना या नियमातून वगळले. पुनर्वसनाचे तत्त्व आणि त्याला घातलेला अपवाद ही पुढील सर्व व्यवस्थेची पायाभूत जोडी होय. १९८६ मध्ये गृहखात्याने परिपत्रकाद्वारे मुलांशी विशेष संबंध येणाऱ्या उमेदवारांची माहिती स्थानिक पोलिसांकडून मागविण्याची पद्धत घालून दिली.

या विस्कळीत पद्धतीस १९९७ च्या पोलीस अधिनियमाच्या पाचव्या भागाने वैधानिक रूप मिळाले. त्यात तीन प्रकारच्या प्रमाणपत्रांची तरतूद होती. प्राथमिक प्रमाणपत्रात केवळ कालबाह्य न झालेल्या अपराधसिद्धी, सर्वसाधारण प्रमाणपत्रात कालबाह्य झालेल्या अपराधसिद्धी व ताकिदीही, आणि विस्तारित प्रमाणपत्रात याशिवाय स्थानिक पोलिसांना संबद्ध वाटेल ती अन्य माहिती, अशी त्यांची चढती श्रेणी होती. प्रमाणपत्रे देण्याचे काम मार्च २००२ पासून लिव्हरपूल येथील क्रिमिनल रेकॉर्ड्‌स ब्यूरो या कार्यालयाने सुरू केले. १९९९ च्या बालसंरक्षण अधिनियमान्वये बालसेवेतील अपात्र व्यक्तींची व २००० च्या सेवादर्जा अधिनियमान्वये परावलंबी प्रौढांच्या सेवेतील अपात्र व्यक्तींची, अशा दोन सूची लिस्ट ९९ च्या जोडीस आल्या. एकाच प्रश्नासाठी तीन सूची व एक प्रमाणपत्र-कार्यालय असा हा पसारा झाला.

नव्या कार्यालयावर पहिल्याच वर्षी अपेक्षेबाहेरचा ताण पडला. सप्टेंबर २००२ मध्ये नवे शालेय वर्ष सुरू होताना अनेक शिक्षकांची प्रमाणपत्रे तयार नव्हती. काही शाळांना वर्ग उशिरा भरवावे लागले. अखेर प्रमाणपत्र येईपर्यंत केवळ लिस्ट ९९ पाहून शिक्षकांस कामावर घेण्याची मुभा शासनास द्यावी लागली. पडताळणीचा व्याप यंत्रणेच्या आवाक्याबाहेर गेला, की सर्वांचीच पडताळणी उथळ होते, हा त्यातील धडा होय.

सोहॅम प्रकरण व बिचर्ड चौकशी : ऑगस्ट २००२ मध्ये केंब्रिजशर परगण्यातील सोहॅम या गावी दहा वर्षे वयाच्या दोन मुलींची हत्या झाली. आरोपी इअन हंटली हा गावातील माध्यमिक शाळेचा रखवालदार होता. डिसेंबर २००३ मध्ये तो दोषी ठरला आणि त्यानंतर उघड झाले, की १९९५ ते १९९९ या काळात हंबरसाइड पोलिसांकडे त्याच्याविरुद्ध अल्पवयीन मुलींशी शरीरसंबंध, बलात्कार इ. स्वरूपाच्या अनेक तक्रारी आल्या होत्या. त्यांपैकी एकाही प्रकरणात त्याला शिक्षा झालेली नव्हती.

सर मायकेल बिचर्ड यांच्या चौकशीचा अहवाल जून २००४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात ३१ शिफारशी होत्या. अहवालाने दाखविलेले दोष बारकाईने पाहण्यासारखे आहेत. हंबरसाइड पोलिसांची माहिती साठविण्याची पद्धत इतकी सदोष होती, की वेगवेगळ्या तक्रारी एकाच माणसाविषयी आहेत, हे कोणाच्या ध्यानात आले नाही. केंब्रिजशर पोलिसांनी उमेदवाराचा शोध घेतला, तो त्याने धारण केलेल्या दुसऱ्या आडनावाने. मूळ आडनावाने घेतलाच नाही. शाळेनेही त्याने सादर केलेल्या शिफारसपत्रांची नीट शहानिशा केली नाही. म्हणजे पडताळणी झाली नाही असे नव्हे, तर ती झाली आणि निष्फळ ठरली. शिवाय त्या मुली तो नोकरीस असलेल्या शाळेच्या विद्यार्थिनी नव्हत्या. त्यांच्या प्राथमिक शाळेत साहाय्यक म्हणून काम केलेल्या त्याच्या सहचारिणीमुळे त्या त्यास ओळखत होत्या. नोकरीपूर्व पडताळणी कितीही कडक असली, तरी अशा ओळखीस ती आडवी येऊ शकत नाही.

व्यापक नोंदणीची योजना : बिचर्ड यांनी इतर शिफारशींबरोबर मुलांशी व परावलंबी प्रौढांशी संबंधित काम करणाऱ्यांच्या नोंदणीची शिफारस केली होती. तिला अनुसरून २००६ चा परावलंबी समूह संरक्षण अधिनियम संमत झाला. त्यान्वये स्थापन झालेल्या इंडिपेंडंट सेफगार्डिंग ऑथॉरिटी या डार्लिंग्टन येथील स्वायत्त प्राधिकरणाकडे प्रतिबंधाचे निर्णय सोपविण्यात आले. ऑक्टोबर २००९ पासून पूर्वीच्या तीन सूचींच्या जागी बालकांसाठी एक व प्रौढांसाठी एक अशा दोनच सूची आल्या. हा भाग सर्वमान्य झाला व आजही टिकून आहे.

वाद झाला तो नोंदणीविषयी. या योजनेखाली ठरावीक कामे करणाऱ्या प्रत्येकाने नाव नोंदवून घ्यावयाचे होते व त्यानंतर त्याच्यावर सतत लक्ष ठेवले जाणार होते. अशा व्यक्तींची संख्या १ कोटी १३ लाखांपर्यंत जाईल असा अंदाज होता; हे प्रमाण प्रौढ लोकसंख्येच्या सुमारे एक चतुर्थांश होते. नोंदणीशुल्क ६४ पौंड ठरले होते. स्वयंसेवकांस ते माफ होते. क्रीडामंडळाच्या सांगण्यावरून इतरांची मुले नियमितपणे मोटारीने सामन्यास नेणाऱ्या पालकांनाही नोंदणी लागेल, असे २००९ मध्ये स्पष्ट झाल्यावर लोकमत क्षुब्ध झाले. शाळांत वाचनासाठी जाणाऱ्या फिलिप पुलमन प्रभृती बालसाहित्यिकांनी, आपण मुलांस अपायकारक नाही याचा दाखला पैसे भरून घेणे अपमानास्पद असल्याचे सांगून शाळाभेटी थांबविण्याचा इशारा दिला. शासनाने सर रॉजर सिंगलटन यांच्याकडून फेरविचार करवून घेतला. महिन्यातून एकदा होणाऱ्या संपर्काऐवजी आठवड्यातून एकदा होणारा संपर्क ‘वारंवार’ समजावा, असे ठरून अपेक्षित संख्या सुमारे ९० लाखांवर आली. तथापि आक्षेपाचे मूळ संख्येत नव्हते. प्रत्येक प्रौढ हा संशयित असून दाखला मिळेपर्यंत तो तसाच राहतो, ही योजनेमागील भूमिकाच अनेकांना मान्य नव्हती. दुसऱ्या बाजूस बालसंरक्षणाचे काम करणाऱ्यांचे म्हणणे असे, की थोड्या गैरसोयीच्या मोबदल्यात एखादे मूल वाचत असेल, तर ती सोसणे योग्यच होय. दोन्ही बाजूंचे म्हणणे प्रामाणिक होते आणि म्हणूनच तडजोड सोपी नव्हती.

सुलभीकरण (२०१०–१३) : सत्तांतरानंतर जून २०१० मध्ये गृहमंत्री टेरेसा मे यांनी, सुरू होण्याच्या बेतात असलेली नोंदणी स्थगित केली. फेब्रुवारी २०११ मध्ये योजनेचा पुनर्विचार करणारा अहवाल प्रसिद्ध झाला. गुन्हेगारी नोंदींच्या व्यवस्थेविषयी सुनीता मेसन यांच्या स्वतंत्र अहवालाचा पहिला भागही त्याच सुमारास आला. या दोहोंच्या आधारे २०१२ च्या स्वातंत्र्यसंरक्षण अधिनियमात पुढील बदल झाले.

पहिला बदल पडताळणीच्या क्षेत्राविषयीचा होता. सार्वत्रिक नोंदणी व सततची देखरेख रद्द झाली. ज्या कामांस प्रतिबंध-सूची लागू होते, त्या ‘नियंत्रित कार्या’ची व्याख्या सप्टेंबर २०१२ पासून संकुचित करण्यात आली. मुलांच्या बाबतीत कोणाच्या देखरेखीविना शिकविणे, सांभाळणे वा मार्गदर्शन करणे ही कामे आठवड्यातून एकदा किंवा अधिक वेळा, अथवा ३० दिवसांच्या काळात चार किंवा अधिक दिवस केल्यास, ती नियंत्रित ठरतात. रात्रीच्या मुक्कामातील असे काम एकदाच केले, तरी ते नियंत्रित ठरते. शाळा व पाळणाघरे यांसारख्या ठरावीक ठिकाणच्या नोकऱ्या सामान्यतः यांतच मोडतात. मात्र तेथे योग्य देखरेखीखाली काम करणारे स्वयंसेवक यांतून वगळले गेले. प्रौढांच्या बाबतीत व्यक्ती कोठे राहते यापेक्षा तिला कोणती सेवा दिली जाते, हा निकष ठरला. वैद्यकीय उपचार, स्नानादी शरीरसेवा, समाजकार्य, पैशांचे वा खरेदीचे व्यवहार पाहणे इ. सेवा एकदाच दिली, तरी ती नियंत्रित कार्यात येते.

दुसरा बदल माहितीच्या दर्जाविषयीचा होता. पूर्वी संबद्ध ‘असू शकेल’ अशी कोणतीही माहिती पोलीस विस्तारित प्रमाणपत्रात घालू शकत. आता ती संबद्ध आहे, असे पोलीस अधिकाऱ्यास सकारण वाटणे आवश्यक झाले. उमेदवारास न कळविता मालकास स्वतंत्र पत्राने माहिती देण्याचा पोलिसांचा अधिकार या अधिनियमातून काढून टाकण्यात आला. प्रमाणपत्र केवळ उमेदवारास मिळू लागले, त्यामुळे त्यातील चूक मालकाच्या दृष्टीस पडण्यापूर्वी दुरुस्त करवून घेणे त्यास शक्य झाले. पोलिसांच्या माहितीविरुद्ध दाद मागण्यासाठी स्वतंत्र परीक्षकाची सोय झाली. अर्जदाराचे किमान वय १६ वर्षे ठरले.

तिसरा बदल संघटनात्मक होता. प्रमाणपत्रे देणारे कार्यालय व प्रतिबंधाचे निर्णय घेणारे प्राधिकरण यांचे विलीनीकरण होऊन १ डिसेंबर २०१२ रोजी डिस्क्लोजर अँड बारिंग सर्व्हिस ही एकच संस्था अस्तित्वात आली.

चौथा बदल सामान्य कर्मचाऱ्याच्या दृष्टीने सर्वांत सोयीचा ठरला. तोपर्यंत प्रत्येक मालक नवे प्रमाणपत्र मागत असे. उदा., एखादी व्यक्ती दोन शाळांत बदली शिक्षक, शनिवारी पोहण्याची मार्गदर्शक व रविवारी रुग्णालयातील स्वयंसेवक असल्यास तिच्याजवळ एकाच आशयाची चार प्रमाणपत्रे जमत आणि प्रत्येक वेळी तेवढीच प्रतीक्षा करावी लागे. जून २०१३ मध्ये सुरू झालेल्या अद्ययावत नोंद सेवेने एकच प्रमाणपत्र त्याच प्रकारच्या व त्याच समूहासाठीच्या सर्व कामांस वापरता येऊ लागले. प्रारंभी या सेवेची वार्षिक वर्गणी १३ पौंड होती व स्वयंसेवकांस ती विनामूल्य होती. मालकाने उमेदवाराच्या संमतीने संगणकावर चौकशी केली, की प्रमाणपत्रानंतर काही बदल झाला आहे किंवा नाही एवढेच उत्तर तत्काळ मिळते; बदल असल्यास नवे प्रमाणपत्र मागवावे लागते. अपराधसिद्धी व प्रतिबंध यांविषयीच्या नव्या माहितीचा शोध दर आठवड्यास, तर पोलिसांच्या अन्य माहितीचा शोध दर नऊ महिन्यांनी घेतला जातो.

प्रतिबंधाची तरतूद मात्र शिथिल करण्यात आली नाही. प्रतिबंधित व्यक्तीने नियंत्रित कार्य करणे हा पाच वर्षांपर्यंतच्या कारावासास पात्र असा गुन्हा आहे. जाणूनबुजून तिला नेमणारा मालकही दोषी ठरतो. अपाय केल्यावरून वा अपायाचा धोका असल्यावरून कर्मचाऱ्यास कामावरून दूर केल्यास मालकाने ते संस्थेस कळविलेच पाहिजे. कर्मचाऱ्याने राजीनामा देऊन प्रकरण मिटविले, तरी हे कर्तव्य टळत नाही. शांतपणे राजीनामा देऊन दुसऱ्या गावी तसेच काम धरण्याची वाट यामुळे बंद होते. प्रतिबंधित व्यक्तीस वरिष्ठ न्यायाधिकरणाकडे अपील करता येते व वयानुसार एक, पाच वा दहा वर्षांच्या किमान अवधीनंतर फेरविचाराची मागणीही करता येते.

जुन्या नोंदी व न्यायालये : विस्तारित प्रमाणपत्रात कोणतीही जुनी ताकीद वा अपराधसिद्धी कायमची दिसत राहणे न्याय्य आहे काय, हा प्रश्न न्यायालयांपुढे गेला. एका मुलास वयाच्या अकराव्या वर्षी, २००२ मध्ये, दोन सायकलींच्या चोरीप्रकरणी पोलिसांनी समज दिली होती. पुढे फुटबॉल मंडळातील अर्धवेळ कामासाठी व क्रीडाशिक्षणाच्या अभ्यासक्रमासाठी अर्ज करताना तीच नोंद त्याच्या आड आली. जानेवारी २०१३ मध्ये अपील न्यायालयाने असा सरसकट प्रकटीकरणाचा नियम खाजगी जीवनाच्या हक्काशी विसंगत ठरविला. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही मूळ व्यवस्थेविषयी तोच निष्कर्ष काढला. दरम्यान मे २०१३ पासून किरकोळ व जुन्या नोंदी गाळण्याची पद्धत सुरू झाली होती. कारावासाची शिक्षा न झालेली एकमेव अपराधसिद्धी प्रौढाच्या बाबतीत ११ वर्षांनी व अल्पवयीनाच्या बाबतीत साडेपाच वर्षांनी गाळली जाई. लैंगिक व गंभीर हिंसात्मक गुन्हे मात्र गाळले जात नसत.

‘एकमेव’ ही अटही पुढे अडचणीची ठरली. एका स्त्रीस १९९९ मध्ये, मनोविकाराचे निदान झालेले नसताना, ९९ पेन्स किमतीचे एक पुस्तक चोरल्याबद्दल व नंतर न्यायालयात हजर न राहिल्याबद्दल अशा दोन अपराधसिद्धी झाल्या. त्या दोन असल्यामुळेच कधी गाळल्या जाणार नव्हत्या. शाळेतील साहाय्यकाचे काम करू इच्छिणाऱ्या या स्त्रीस प्रत्येक ठिकाणी आपल्या जुन्या आजाराची कहाणी सांगणे भाग पडे. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही अट, तसेच बालवयातील पोलीस-समजेचे प्रकटीकरण, प्रमाणाबाहेरचे ठरविले. नोव्हेंबर २०२० पासून दोन्ही नियम रद्द झाले. अशा रीतीने सुलभीकरणाचे उरलेले काम संसदेपेक्षा न्यायालयांच्या निर्णयांमुळे पुरे झाले.

इतर देश : स्कॉटलंडने वेगळा मार्ग स्वीकारला. तेथे फेब्रुवारी २०११ पासून परावलंबी समूह संरक्षण योजनेची सदस्यता ही पद्धत आहे. सदस्याच्या नोंदीत नवी माहिती आल्यास तिची आपोआप दखल घेतली जाते. म्हणजे इंग्लंडने रद्द केलेली सततची देखरेख तेथे कायम राहिली. २०२० च्या प्रकटीकरण अधिनियमान्वये एप्रिल २०२५ पासून ही सदस्यता संबंधित कामांसाठी सक्तीची झाली असून ती दर पाच वर्षांनी नवी करावी लागते. ऑस्ट्रेलियात प्रत्येक राज्याची स्वतंत्र परवाना-पद्धत आहे. न्यू साउथ वेल्समध्ये एकदा मिळालेली मान्यता पाच वर्षे कोणत्याही बालसेवेतील कामास चालते. मात्र राज्याराज्यांतील निकष भिन्न असल्याने एका ठिकाणी नाकारलेली व्यक्ती दुसरीकडे जाऊ शकते, हा दोष तेथील शाही आयोगाने २०१५ मध्ये निदर्शनास आणून समान निकषांची शिफारस केली.

भारत : भारतात लैंगिक अपराधांपासून बालकांचे संरक्षण अधिनियमाखालील २०२० च्या नियमांनुसार शाळा, पाळणाघरे, क्रीडासंस्था इ. ठिकाणच्या, मुलांच्या संपर्कात येणाऱ्या प्रत्येक कायम वा कंत्राटी कर्मचाऱ्याची ठरावीक काळाने पोलीस-पडताळणी करणे संस्थांवर बंधनकारक आहे. २०१८ मध्ये सुरू झालेली लैंगिक गुन्हेगारांची राष्ट्रीय नोंद केवळ तपासयंत्रणांस पाहता येते. मालकांस ती खुली नाही. महाराष्ट्रात चारित्र्य पडताळणी प्रमाणपत्र पोलीस आयुक्तालयाकडून वा जिल्हा पोलीस अधीक्षकांच्या कार्यालयाकडून मिळते. ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूर येथे शाळेतील बालिकांवरील अत्याचाराची घटना उघडकीस आल्यावर राज्य शासनाने शाळांतील कर्मचाऱ्यांच्या पडताळणीबाबत नव्याने आदेश काढले. ब्रिटिश व्यवस्थेशी मराठी भाषकांचा प्रत्यक्ष संबंधही येतो. शिक्षण, आरोग्य व समाजसेवा या क्षेत्रांतील नोकरीसाठी ब्रिटनचा प्रवेश-परवाना मागणाऱ्यास, गेल्या दहा वर्षांत ज्या देशात बारा महिने वा अधिक काळ वास्तव्य झाले, त्या देशाचे गुन्हेगारी नोंदविषयक प्रमाणपत्र एप्रिल २०१७ पासून सादर करावे लागते. ब्रिटनमधील कार्यालयास परदेशी पोलिसांच्या नोंदी सहसा पाहता येत नसल्याने मुंबईची परिचारिका वा पुण्याचा शिक्षक यांच्या पूर्ववृत्ताची हमी भारतीय पोलिसांच्या दाखल्यावरच अवलंबून राहते.

मर्यादा व मूल्यमापन : सुलभ केलेल्या व्यवस्थेतही काही उणिवा राहिल्या. देखरेखीखालील स्वयंसेवकास नियंत्रित कार्यातून वगळल्यामुळे तो प्रतिबंधित आहे काय, हे संस्थेस पाहता येत नाही. वस्तुतः देखरेखीखाली असतानाही स्वयंसेवक मुलाचा विश्वास संपादन करतो व त्या विश्वासाचा गैरफायदा देखरेखीबाहेर घेता येतो. इंग्लंड व वेल्समधील बाल लैंगिक अत्याचारविषयक स्वतंत्र चौकशीने ऑक्टोबर २०२२ मधील अंतिम अहवालात, मुलांशी वारंवार संपर्क येणाऱ्या कोणाहीविषयी, तो देखरेखीखाली असला तरी, प्रतिबंध-सूची पाहण्याची मुभा संस्थांस द्यावी, अशी शिफारस केली. म्हणजे २०१२ मध्ये आखलेली रेषा एका बाजूने अधिक आत गेली होती, असे या चौकशीचे मत पडले.

अधिक मूलभूत मर्यादा पडताळणीच्या स्वरूपातच आहे. प्रमाणपत्र हे ज्या दिवशी दिले, त्या दिवसापर्यंतच्या नोंदींचे असते आणि नोंद ही उघडकीस आलेल्या गोष्टींचीच होते. जो कधी पकडला गेला नाही, त्याचे प्रमाणपत्र सज्जनाच्या प्रमाणपत्राइतकेच स्वच्छ असते. म्हणून कोऱ्या प्रमाणपत्राचा अर्थ ‘हा माणूस निर्धोक आहे’ असा नसून ‘याच्याविरुद्ध काही नोंदलेले नाही’ एवढाच होतो. हा भेद विसरल्यास पडताळणीमुळे सुरक्षितता वाढण्याऐवजी सावधपणा मात्र कमी होतो. उमेदवाराची पूर्वीची सर्व नावे विचारणे, आधीच्या मालकाशी प्रत्यक्ष बोलणे, नोकरीतील रिकाम्या काळाचे कारण जाणून घेणे, मुलांशी एकांत टाळण्याचे नियम पाळणे आणि मुलाने वा वृद्धाने केलेली तक्रार ऐकून ती लेखी नोंदविणे, ही कामे कोणतेही केंद्रीय कार्यालय संस्थेसाठी करू शकत नाही.

सोहॅमनंतरच्या दशकाचा विचार करता असे दिसते, की तेथील चूक प्रमाणपत्रांच्या अभावाची नव्हती. नोंदी जुळविण्याची, नाव नीट पाहण्याची व शिफारस पारखण्याची होती. त्यावरील पहिला उपाय म्हणून मात्र पडताळल्या जाणाऱ्यांची संख्या वाढविण्यात आली. पडताळणी कमी लोकांची पण काळजीपूर्वक करणे, पूर्वीच्या किरकोळ चुका गाळणे, गंभीर गोष्टी न गाळणे आणि एकदा मिळालेली माहिती ताजी ठेवणे, हा सुलभीकरणाचा खरा आशय होय. कागदपत्रांचा भार हलका झाल्याने वाचलेला वेळ जर प्रत्यक्ष देखरेखीसाठी वापरला गेला, तरच मुलांना व परावलंबी प्रौढांना त्याचा लाभ होतो. तो नुसता वाचला, तर व्यवस्था सोपी होते एवढेच.